क्रोशाची पहिली साखळी : आवळ हात आणि सैल हात

लग्नसराई जवळ आली, की रुखवताच्या तयारीला घरोघर वेग येतो. कोठीतली लोकरीची पिशवी बाहेर निघते, क्रोशाची सुई शोधली जाते, आणि दाराच्या तोरणापासून ताटावरच्या रुमालापर्यंत कितीतरी वस्तूंचे बेत ठरतात. महिनाभर खपून तोरण पुरे होते. दाराला लावून पाहावे, तर वरची कड धनुष्यासारखी वाकलेली! दोन्ही टोके आत ओढली गेलेली आणि खालची झालर मात्र ऐसपैस पसरलेली. पाहणाऱ्या बायका तोंडावर काही बोलत नाहीत. पण मुलीच्या मनात "मला हे जमतच नाही" असे जे एकदा बसते, ते कायमचे. सुई पुन्हा कोठीत जाते ती बाहेर येत नाही.

भगिनींनो, अशा वेळी खांब चुकलेले नसतात. नक्षीही चुकलेली नसते. घोटाळा झालेला असतो तो पहिल्या पाच मिनिटांत, म्हणजे सुरुवातीची साखळी घालताना. शिकवणारी बाई "साखळी घाल" एवढेच सांगून पुढे जाते, कारण तिला ती सोपी वाटते. माझ्या मते क्रोशाच्या सगळ्या कामात अवघड जर काही असेल, तर ही साखळीच. खांब घालताना सुईला खालच्या ओळीचा आधार असतो. साखळीला आधार कशाचाच नाही. ती हवेतच विणायची, आणि तिचा आकार ठरवायचा तो केवळ तुमच्या हाताने.

थोडा हिशेब करून पाहू. दाराची रुंदी ३ फूट, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर धरा. लोकरीची एक साखळी अर्ध्या सेंटिमीटरची होत असेल, तर १८० साखळ्या लागतील. आता तुमचा हात किंचित आवळ आहे आणि प्रत्येक साखळी अर्ध्या मिलिमीटरने लहान झाली, असे समजा. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही. पण १८० वेळा अर्धा मिलिमीटर म्हणजे ९ सेंटिमीटर! चार बोटे कड कमी पडली. वरचे खांब मात्र आपल्या नेहमीच्या मापाचे होणार. मग कापड वाकणार नाही तर काय करणार?

सैल साखळीचे उलट होते. कड लांब पडते, वरची वीण आखूड, आणि कडेला लाटा येतात. मात्र सैल साखळीचा दोष आवळ साखळीएवढा वाईट नाही. पुढे कडेने एक फेरा घालून किंवा धुऊन, ताणून, वाळवून तो बराचसा झाकता येतो. आवळ साखळीला पाणी, इस्त्री, खळ यांपैकी कशानेही सुटका नाही. नवशिक्या मुलीला म्हणूनच सांगावे, की शंका आली तर सैल घाल.

हात आवळतो कसा

सुई नीट निरखून पाहा. टोकाला आकडी असते. आकडीच्या मागे सुई बारीक होते, ती तिची मान. मानेच्या मागे जाड, सारखी दांडी असते. त्यानंतर अंगठा ठेवण्याची चपटी जागा. सुईवर जो आकडा छापलेला असतो तो दांडीच्या जाडीचा, मानेच्या नव्हे. टाका ज्या जागी बसेल त्या जागेएवढा त्याचा आकार होतो. फास दांडीवर असेल, तर तो दांडीएवढा. तो घसरून मानेत आला, की मानेएवढा, म्हणजे बारीकच.

बहुतेक मुलींचा हात इथेच चुकतो. दोरा आकडीत धरून फासातून बाहेर काढला, की डावे बोट दोऱ्याला एक हिसका देते. "गाठ पक्की झाली पाहिजे" असे मनात असते ना! शिवणकामात ती सवय चांगली, क्रोशात वाईट. हिसका बसला, की नुकताच काढलेला फास मानेवर आवळून बसतो. मग पुढच्या वेळी आकडी त्यातून निघत नाही, जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की बोट अधिकच ओढते.

दुसरे कारण कमी लक्षात येते. नवा फास तयार व्हायला दोरा लागतो. तो गुंड्याकडून सहज मिळाला, तर ठीक. पण डाव्या हाताने दोरा घट्ट दाबून धरला असेल, किंवा गुंडा खाटेच्या पायाला अडकला असेल, तर नव्या फासाला दोरा मिळणार कोठून? तो मागच्या साखळीकडून उसना घेतो. मागची साखळी आक्रसते. म्हणून एकच साखळी बारीक, पुढच्या दोन बऱ्या, पुन्हा एक बारीक, असे खडबडीत काम होते.

यावर उपाय साधा आहे. गुंडा मांडीवर किंवा चटईवर ठेवू नये. एखाद्या खोलगट भांड्यात, पातेल्यात म्हणा, ठेवावा. तो आतल्या आत गरगर फिरतो, मांजर किंवा रांगते मूल त्याला हात लावत नाही, आणि धूळही लागत नाही. दर आठ-दहा साखळ्यांनंतर गुंड्यातून हातभर दोरा आधीच मोकळा करून ठेवावा. बोटाने गुंड्याला ओढायचेच नाही. मोकळा दोरा बोटावरून नुसता सरकू द्यायचा.

दोरा धरावा कसा

प्रत्येकीची पद्धत निराळी असते आणि अमुकच खरी असे नाही. तरी नवीन मुलीने ही पद्धत करून पाहावी. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा एक वेढा द्यावा. तेथून दोरा मधल्या दोन बोटांच्या खालून न्यावा आणि तर्जनीच्या वरून पुढे आणावा. ताण ठेवते ती करंगळी. तर्जनी फक्त दोरा वर उचलून धरते, म्हणजे आकडीला तो सहज सापडतो. हात फार आवळ असेल तर करंगळीचा वेढा काढून टाकावा, दोरा बोटांमधून नुसता गुंफावा. हात फार सैल असेल तर करंगळीला दोन वेढे द्यावेत. बोटात हिसका मारून ताण बदलण्यापेक्षा वेढा कमी-जास्त करणे केव्हाही चांगले, कारण वेढा सगळ्या कामभर सारखा राहतो. हिसका कधीच सारखा बसत नाही.

तयार झालेली साखळी अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत धरावी, आणि चिमूट सुईच्या अगदी जवळ ठेवावी. दर तीन-चार साखळ्यांनी ती वर सरकवावी. ही गोष्ट शंभरातल्या नव्वद मुली विसरतात, म्हणून पुन्हा सांगते. चिमूट खाली राहिली, की वरची साखळी लोंबते, पिळा खाते आणि फास ताणले जाऊन कमी-जास्त होतात.

साखळी काढताना मनात असे म्हणावे : दोरा घ्या, फासातून काढा, फास दांडीवर न्या. शेवटचे पाऊल महत्त्वाचे. दोरा बाहेर काढल्यावर सुई किंचित पुढे ढकलायची, म्हणजे नवा फास मानेवरून दांडीवर जाऊन बसतो. तो दांडीला चिकटूनही नको आणि लोंबताही नको. सुई मागेपुढे केली तर सहज फिरावी, पण सुई उभी धरली तर फास आपोआप खाली घसरू नये, एवढा असावा.

पहिल्या सरकगाठीबद्दल एक शब्द. ती सुईवर करकचून बसवू नये. गाठीचे शेपूट सहा-सात बोटे तरी लांब सोडावे. पुढे ते टाक्यांत ओवून लपवायचे असते, आणि आखूड शेपूट पहिल्या धुण्यातच बाहेर डोकावते.

शेतावरच्या हातांची गोष्ट

शहरच्या पुस्तकांत लिहिलेले नसते ते हे. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकदार सालांनी बोटे ओरखडतात. कांदा, मिरची, ऊस, प्रत्येक कामाचा हातावर काही ना काही ठसा राहतो. अशा खरबरीत बोटावर दोरा सरकत नाही, अडकत अडकत जातो, आणि ताण बिघडतो. लोकर तर बोटाच्या प्रत्येक भेगेत अडकते. हात वाईट नाही, बाई! त्याला जरा तेल हवे. रात्री झोपताना खोबरेल चोळून ठेवावे आणि सकाळी हात साबणाने धुऊन कामाला बसावे. विणायला बसताना मात्र तेल लावू नये, पांढऱ्या दोऱ्याला पिवळट डाग पडतात. तर्जनीला फारच भेगा असतील, तर जुन्या मऊ धोतराची पट्टी त्या बोटाला गुंडाळावी.

उन्हाळ्यात हाताला घाम येतो. घामाने सुती दोरा बोटाला चिकटतो आणि साखळी आवळते. जवळ ओला व कोरडा असे दोन रुमाल ठेवावेत आणि अधूनमधून बोटे पुसावीत. शक्य तर साखळी सकाळीच घालावी. दिवसभर खुरपे चालवून, संध्याकाळी धार काढून, रात्री कमी उजेडात विणायला बसले, की थकलेली बोटे नकळत मूठ आवळतात. रात्री खांब घाला, नक्षी पुढे न्या, हरकत नाही. पण साखळी ताज्या हाताने, आणि होईल तितकी एकाच बैठकीत घालावी. अर्धी आज, अर्धी चार दिवसांनी घातली, तर दोन्हींत फरक पडतो.

अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, तर ती हात आवळल्याचीच खूण समजावी. काम खाली ठेवून बोटे मोकळी करावीत. सकाळ-संध्याकाळ धारा काढणाऱ्या बाईला तर ही काळजी घ्यायलाच हवी.

मोठी सुई, आणि जाऊबाईचा हात

हात बदलायला वेळ लागतो. तोरण मात्र पुढच्या महिन्यात हवे असते. अशा वेळी साखळी जरा जाड सुईने घालावी आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्यावी. लोकरीचे काम साडेतीन मिलिमीटरच्या सुईने करणार असाल, तर साखळी चारच्या सुईने. हात फारच आवळ असेल तर साडेचारच्या. बारीक सुती दोऱ्याला सव्वा मिलिमीटरची सुई असेल, तर साखळीला दीडची किंवा पावणेदोनची घ्यावी. येथे एक सावधगिरी. बारीक पोलादी सुयांवर जे जुने नंबर असतात, त्यांत नंबर मोठा तशी सुई बारीक. मिलिमीटरच्या आकड्यात मात्र आकडा मोठा तशी सुई जाड. दुकानात "एक नंबर मोठी द्या" असे सांगून नेमकी उलटी सुई घरी येते. दोन्ही सुया हातात घेऊन, शेजारी शेजारी धरून पाहाव्यात.

एकत्र कुटुंबात आणखी एक सोय असते. दोघी जावांपैकी एकीचा हात आवळ, दुसरीचा सैल, असे हटकून आढळते. सैल हातवालीने साखळी घालून द्यावी, आवळ हातवालीने वर खांब घालावेत. पण चौकोन जोडून चादर करायची असेल, तर हा प्रयोग करू नये. तिथे प्रत्येक चौकोन एकाच हातचा हवा, नाही तर जोडताना एक मोठा, एक लहान होतो आणि मग कोणाचा चुकला यावरून घरात वाद.

डावखुऱ्या मुलीला उजव्या हाताने विणायला लावू नये. तिला शेजारी न बसवता समोर बसवावे, म्हणजे आरशात पाहिल्यासारखे तिला सगळे बरोबर उलटे दिसते.

आधी नमुना

हा कंटाळवाणा भाग, पण टाळू नये. २० साखळ्या घाला, त्यावर खांबांच्या तीन ओळी करा. आता नमुना सपाट ठेवून, न ताणता, खालच्या कडेची रुंदी मोजा आणि मग तिसऱ्या ओळीची मोजा. दोन्ही सारख्या भरल्या तर सुई योग्य. खालची कमी भरली, तर साखळीची सुई आणखी जाड घ्या. जास्त भरली तर बारीक. नुसती साखळी फूटपट्टीवर धरून मोजण्यात अर्थ नाही, ती बोटाने ताणाल तेवढी भरते.

साखळी मोजताना सुरुवातीची गाठ धरू नये आणि सुईवरचा फासही धरू नये. समोरून वेणीच्या पेडांसारखे जे दिसते, त्यातला प्रत्येक पेड ही एक साखळी. लांब कामात दर २५ साखळ्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा. कोणी हाक मारली तरी मोजणी चुकत नाही. ६० खांबांची ओळ हवी असेल तर ६२ साखळ्या घालाव्यात : सुईपासूनच्या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी उभ्या राहतात, पुढचा खांब चौथ्या साखळीत, आणि उरलेल्या ५९ साखळ्यांत ५९ खांब. मी तर सांगेन, चार-पाच साखळ्या जास्तच घाला. कमी पडल्या तर सगळे उसवावे लागते. जास्त झाल्या तर सुरुवातीची गाठ सोडून त्या टोकाकडून एक-एक साखळी सोडता येते.

आता पहिल्या ओळीत सुई घालायची कोठे? साखळीला समोरून दोन धागे दिसतात आणि पाठीमागे एक बारीक उंचवटा असतो. वरच्या एकाच धाग्यात सुई घातली तर काम झटपट होते, पण तो धागा ताणला जाऊन भोके दिसतात. वरचा धागा आणि मागचा उंचवटा दोन्ही घेतले तर कड भक्कम होते. नुसता मागचा उंचवटा घेतला, तर खालची कड वेणीसारखी सुबक दिसते. ज्या रुमालाला पुढे कडेने लेस लावायची नाही, त्याला हीच पद्धत घ्यावी. कोणतीही घ्या, पण ओळभर तीच ठेवा.

बाळाच्या गळ्यासाठी निराळी युक्ती

तोरण वाकले तर फार तर वाईट दिसेल. बाळाच्या स्वेटरचा गळा आवळला तर तो डोक्यातून जातच नाही. वर्षाच्या बाळाचे डोके साधारण ४५-४६ सेंटिमीटर भरते. गळ्याची साखळी न ताणणारी असेल, तर स्वेटर घालताना बाळ रडते आणि आईही. इथे साखळी न घालताच सुरुवात करावी. चार साखळ्या घाला. सुईवर दोरा घेऊन पहिल्या साखळीत सुई घाला, दोरा काढा. सुईवर तीन फास झाले. आता दोरा घेऊन एकाच फासातून काढा, ही झाली पायाची साखळी. मग नेहमीप्रमाणे दोन-दोन फासांतून दोनदा काढून खांब पुरा करा. पुढच्या खांबासाठी सुईवर दोरा घेऊन या खांबाच्या पायाशी झालेल्या साखळीतच सुई घाला, आणि तसेच पुढे चला. पाया आणि खांब एकदमच तयार होतात, म्हणून कड वरच्या विणीइतकीच ताणली जाते. पहिले चार-पाच खांब वेडेवाकडे येतील. दहाव्या खांबापर्यंत हात बसतो.

हल्ली मुली मोबाइलवर पाहून शिकतात, ते चांगलेच आहे. मात्र अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये टाक्यांची नावे निराळी आहेत. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला अमेरिकन बाई "डबल क्रोशे" म्हणते आणि इंग्रज बाई "ट्रेबल". इंग्रज बाईचा "डबल" म्हणजे आपल्या खांबापेक्षा ठेंगणा टाका. नाव ऐकू नका, हाताकडे पाहा.

हे सगळे नुसत्या रुखवतापुरते नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने गेले आणि दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या जोगिणींनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि कित्येक शेतकरी घरांना त्या लेसने हात दिला. आपल्याकडे आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात हीच कला आणली, आणि तिथल्या खेड्यांतल्या हजारो बायका घरी बसून परदेशी जाणारी लेस विणू लागल्या. त्यांच्यावर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. बायका दिवसभर विणत, पण त्यांना कामगार न म्हणता "घरी बसणाऱ्या बायका" म्हटले जाई, मजुरी तुटपुंजी मिळे आणि नफा व्यापाऱ्याकडे जाई, हे त्यांनी दाखवून दिले. आज आपल्या गावांतले बचत गटही रुमाल, पिशव्या, तोरणे यांच्या मागण्या घेतात. नगावर पैसे मिळतात. वाकडा नग परत आला, तर दोराही गेला आणि वेळही गेला. म्हणून गटाने काम वाटण्यापूर्वी प्रत्येकीकडून २० साखळ्यांचा नमुना करून घ्यावा आणि जिला जी सुई बसेल तिचा आकडा वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवावा.

काम बिघडते आहे हे तिसऱ्या ओळीपर्यंत कळतेच. तिथेच काम जमिनीवर सपाट ठेवून पाहा. टोके वर उचलली गेली असतील तर उसवा. तीन ओळी उसवायला दहा मिनिटे लागतात. "पुढे बसेल सरळ" म्हणून विणत जाऊ नका, ते बसत नाही. उसवलेली लोकर नागमोडी होते. तशीच पुन्हा वापरली तर ताण सारखा येत नाही. तिची लड करून कोमट पाण्यात भिजवावी, न पिळता सावलीत टांगावी आणि वाळल्यावर सैल हाताने गुंडा करावा.

सुती काम पुरे झाल्यावर धुऊन, कापडावर टाचण्या लावून, चारही बाजू सारख्या ताणून वाळवावे. रुखवतात मांडायचे असेल तर तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्यावी. समारंभ झाल्यावर मात्र खळ धुऊन काढूनच पेटीत ठेवावे, नाही तर त्या वासाने झुरळे येतात आणि कुरतडतात.